साक्ष आणि विरोध : मराठी मुलखातील ख्रिस्ती प्रचाराच्या इतिहासाची प्रस्तावना

ख्रिस्ती धर्मपरंपरेत आपली श्रद्धा दुसऱ्याला सांगण्याच्या कृतीला 'साक्ष देणे' असे म्हणतात. साक्ष हा शब्द न्यायसभेतला आहे, आणि जेथे साक्ष होते तेथे उलटतपासणीही होतेच, हे त्या शब्दातच गृहीत आहे. नव्या करारातील मूळ ग्रीक भाषेत साक्षीदारासाठी जो शब्द योजलेला आहे, त्यालाच पुढे 'धर्मासाठी प्राण देणारा' असा अर्थ चिकटला, यावरून पहिल्या काही शतकांतील मंडळीचा, म्हणजे ख्रिस्ती समुदायाचा, अनुभव काय असेल याची कल्पना येते. तथापि प्राणघातक छळ हे विरोधाचे एकच टोक होय. त्याच्या अलीकडे थट्टा, वादविवाद, अर्जविनंत्या, कोर्टकज्जे, वाळीत टाकणे, पाणी बंद करणे आणि आईने मुलाशी बोलणे सोडणे असे विरोधाचे कितीतरी प्रकार आहेत, आणि मराठी मुलखातील ख्रिस्ती प्रचाराचा इतिहास मुख्यतः या अलीकडच्या प्रकारांनी भरलेला आहे.

हा इतिहास आजवर बहुधा दोन तऱ्हांनी सांगितला गेला. मिशनांच्या अहवालांत विरोध म्हणजे अज्ञानाने उभी केलेली भिंत, आणि बऱ्याच मराठी लेखनात प्रचार म्हणजे परसत्तेच्या आडोशाने चाललेली बाटवाबाटवी. दोन्ही मांडण्यांत विरोध करणाऱ्याने नेमके काय म्हटले आणि प्रचारकाने ते ऐकून काय केले, हा भाग गळून पडतो. प्रस्तुत विवेचनाची भूमिका अशी की विरोध हे श्रोत्याने दिलेले उत्तर असते, आणि ज्या साक्षीदारांनी ते उत्तर कान देऊन ऐकले त्यांच्याच हातून ख्रिस्ती विचार मराठीत खऱ्या अर्थाने उतरला.

गोमंतकातील प्रसंगापासून आरंभ करणे येथे आवश्यक आहे, कारण सत्तेच्या छायेत केलेल्या प्रचाराला कोणते उत्तर मिळते हे तेथे उघड दिसते. साष्टी प्रांतातील देवळे पोर्तुगीज अंमलदारांनी पाडल्यानंतर 1583 च्या जुलै महिन्यात कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी तेथे आलेल्या 5 जेझुइट मिशनऱ्यांना आणि त्यांच्या सोबतच्या काही जणांना ठार केले, आणि त्याचा सूड म्हणून पोर्तुगिजांनी गावाच्या प्रमुखांना असोळणे येथे बोलावून मारले. ज्या ख्रिस्ती ग्रंथांत पहिल्या घटनेला हौतात्म्य म्हटले आहे त्यांनी दुसऱ्या घटनेकडे, आणि तिच्याही आधीच्या देवळांच्या विध्वंसाकडे, पाठ फिरवू नये, एवढी अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही. याच साष्टीत त्या काळी फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट काम करीत होता. त्याने पुढे लोकांची भाषा आणि लोकांचा छंद आत्मसात केला, आणि 1616 मध्ये राशोल येथे त्याचे ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' छापले गेले. कुंकळ्ळीचा रक्तपात आणि मराठी ओवीतली ख्रिस्तकथा यांच्यामध्ये 33 वर्षांचे अंतर आहे. एकातून दुसरे थेट निघाले असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये, परंतु ज्या भूमीत हे दोन्ही घडले ती भूमी एकच आहे, हे विसरून क्रिस्तपुराणाच्या गोडव्याची नुसती वाखाणणी करणेही अपुरे ठरते. विहिरीत पाव टाकून गावेच्या गावे बाटवल्याच्या ज्या कथा गोव्यात आणि वसईच्या पट्ट्यात सांगितल्या जातात, त्यांची ऐतिहासिकता काहीही असो, त्यांतून एक समजूत स्वच्छ दिसते : धर्म अन्नपाण्याच्या संसर्गाने जातो किंवा येतो, मनाच्या निर्णयाने नव्हे. एकोणिसाव्या शतकातील प्रचारक मनाच्या निर्णयाची भाषा बोलत आले, तेव्हा त्यांची गाठ या समजुतीशी पडली.

ब्रिटिश अमदानीत पहिला विरोध मात्र हिंदू समाजाकडून झाला नाही, ही गोष्ट मुद्दाम नोंदवण्यासारखी आहे. 1813 च्या फेब्रुवारीत गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईस उतरले, तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने त्यांना परत पाठवण्याचाच हुकूम काढला होता. धर्मप्रचाराने रयत बिथरेल आणि व्यापाराला धक्का बसेल, अशी कंपनीला धास्ती होती. पुढे मुभा मिळाली, शाळा निघाल्या, मराठीत पुस्तके छापली जाऊ लागली, आणि हॉल 1826 मध्ये नाशिककडील प्रवासात पटकीने वारला. प्रचारकाच्या पाठीशी सरकार उभे होते असे सरसकट म्हणणाऱ्यांनी हे आरंभीचे प्रकरण लक्षात घ्यावे, आणि सरकारचा संबंध नव्हताच असे म्हणणाऱ्यांनी पुढची न्यायालयीन प्रकरणे पाहावीत.

1829 मध्ये मुंबईस आलेल्या जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याच्या काळात विरोधाला वादाचे रूप आले. 1831 मध्ये मोरभट दांडेकर या हिंदू पंडितांशी त्याची जाहीर चर्चा झाली आणि त्याच वर्षी दांडेकरांनी 'श्रीहिंदुधर्मस्थापना' हे पुस्तक प्रसिद्ध केले. विल्सनने त्याला उत्तर दिले, त्यावर साताऱ्याकडून प्रत्युत्तर आले, त्यालाही विल्सनने उत्तर दिले. 1842 मध्ये अमेरिकन मिशनने अहमदनगरहून 'ज्ञानोदय' हे नियतकालिक सुरू केले आणि 1844 मध्ये दांडेकरांनी मिशनऱ्यांच्या खंडनासाठी 'उपदेशचंद्रिका' हे मासिक काढले. या साऱ्या खंडनमंडनाचा धर्मांतरांच्या संख्येवर फारसा परिणाम झाला असे दिसत नाही, पण मराठी गद्यावर मात्र झाला. प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्याच शब्दांत मांडावे, मग एकेक मुद्दा खोडावा, वाचक दोन्हीकडचा असू शकतो हे धरून लिहावे, ही शिस्त मराठी गद्याने या धकाधकीत अंगी बाणवली. विल्सनच्या लेखनाविषयी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. त्याची विद्वत्ता मोठी होती, परंतु पुराणांतील देवदेवतांच्या कथांवर त्याने जो उपहास केला त्याने ऐकणारा विचारात पडण्याऐवजी दुखावला गेला, आणि दुखावलेल्या माणसाच्या विरोधाला अज्ञान म्हणणे न्यायाचे नव्हते.

वादाचा उत्कृष्ट नमुना मात्र 1857 चा आहे. विष्णुबावा ब्रह्मचारी, म्हणजे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील विष्णु भिकाजी गोखले, यांनी सरकारी नोकरी सोडून सप्तशृंगीच्या डोंगरावर तप केले होते, आणि वैदिक धर्माचे प्रतिपादन करीत ते मुंबईस पोहोचले होते. जानेवारी ते मे या महिन्यांत दर गुरुवारी संध्याकाळी समुद्रकिनारी त्यांचा आणि मिशनऱ्यांचा वाद चाले. त्यांच्यासमोर उभ्या राहणाऱ्यांत जॉर्ज बोवेन हा अमेरिकन मिशनरी प्रमुख होता. मुंबईच्या वस्तीत अत्यंत साधेपणाने राहणारा आणि मरेपर्यंत स्वदेशी परत न गेलेला हा मनुष्य मराठीत बोले. वाळूवर जमलेला जमाव, एकीकडे लंगोटीधारी ब्रह्मचारी आणि दुसरीकडे झिजल्या कपड्यांतला पाद्री, आणि विषय ईश्वर सगुण की निर्गुण, पापाची क्षमा कशी होते, सृष्टी कशातून झाली हे, असे चित्र मराठी बौद्धिक जीवनात पुन्हा क्वचितच दिसले. उत्तरेकडील उठावाच्या बातम्यांनी वातावरण तापले आणि हा क्रम थांबला. या वादांचा वृत्तांत बोवेनने त्याच वर्षी इंग्रजीत छापला आणि 1872 मध्ये 'समुद्रकिनारीचा वादविवाद' या नावाने तो मराठीत आला. विष्णुबावांनी जे प्रश्न विचारले, जसे की सर्वशक्तिमान ईश्वराला एका माणसाच्या मरणाची गरज का पडावी, ते प्रश्न आजही कोणत्याही प्रामाणिक साक्षीदाराला टाळता येण्यासारखे नाहीत.

वादाच्या मैदानात दोघेही बरोबरीचे असतात. जातीच्या आणि घराच्या अंगणात तसे नसते, आणि विरोधाची खरी धार तेथे लागते. 1839 मध्ये धनजीभाई नवरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांचा विल्सनच्या हस्ते बाप्तिस्मा झाला. बाप्तिस्मा म्हणजे पाण्याने होणारा ख्रिस्ती समाजात प्रवेशाचा विधी. या प्रसंगाने मुंबईतील पारशी समाज इतका खवळला की प्रकरण सुप्रीम कोर्टात गेले आणि विल्सनच्या शाळेतील विद्यार्थ्यांची संख्या झपाट्याने घटली. 1843 चे श्रीपत शेषाद्री याचे प्रकरण याहून नाजूक होते. त्याचा थोरला भाऊ नारायण ख्रिस्ती झाला आणि सुमारे 12 वर्षांचा श्रीपत मिशनऱ्यांच्या घरी राहू लागला. कोर्टाने मुलाचे वय पाहून त्याला वडिलांच्या ताब्यात दिले, पण मिशनऱ्यांकडे जेवलेल्या मुलाला ब्राह्मण जातीत परत घ्यावे की नाही, यावर मुंबईच्या हिंदू समाजात मोठा तंटा माजला. संपादक बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन त्याला परत घेण्याची बाजू उचलली, तेव्हा सनातनी मंडळींनी खुद्द बाळशास्त्रींनाच बहिष्काराच्या कचाट्यात पकडले. बाळशास्त्री मिशनऱ्यांचे विरोधकच होते, मात्र त्यांचा विरोध मुलाला परत मिळवण्यासाठी होता, घालवून टाकण्यासाठी नव्हता, आणि म्हणून त्यांना आपल्याच लोकांशी झगडावे लागले. अल्पवयीन मुलांना शाळेतून धर्मोपदेश करण्याच्या पद्धतीवर त्या काळी जी टीका झाली ती रास्त होती, आणि मराठी ख्रिस्ती लेखकांनी ती आजही मोकळेपणाने मान्य करावी. नारायण शेषाद्री पुढे निजामाच्या राज्यात जालन्याजवळ गेले आणि बेथेल नावाच्या वसाहतीत मांग समाजात त्यांनी जे काम केले, ते पाहता त्यांचा निर्णय पोरवयातली लहर नव्हता, हेही तितकेच खरे.

घरच्या विरोधाचे टोक 'घटस्फोट' या शब्दात दिसते. हा शब्द आज मराठीत विवाहविच्छेदाच्या अर्थाने रूढ आहे. धर्मशास्त्रात तो पतिताच्या त्यागाचा विधी आहे. जातीबाहेर गेलेल्या माणसाच्या नावाने त्याचे आप्त गावाबाहेर जमतात, दासी पाण्याने भरलेला मातीचा घडा पायाने कलंडवते, आणि मेलेल्याला द्यावे तसे पाणी देऊन नातलग परततात. त्या क्षणापासून तो माणूस त्यांच्या लेखी मेलेला असतो. ख्रिस्ती झालेल्या मुलासाठी श्राद्ध घालणारे वडील आणि त्याच गल्लीतून जाणारा जिवंत मुलगा, ही एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात कल्पनेतली गोष्ट नव्हती. कायद्याने हे दुःख मिटवता आले नाही. 1850 च्या कायद्याने धर्मांतर करणाऱ्याचा वारसाहक्क शाबूत ठेवला, 1866 च्या कायद्याने जोडीदार सोडून गेलेल्या धर्मांतरिताला विवाह मोडून घेण्याची वाट दिली. जमिनीचा हिस्सा यामुळे मिळाला असेल, पण ओटीवर बसायची जागा मिळाली नाही. बाबा पदमनजी यांनी 'अरुणोदय' या आत्मचरित्रात आपल्या मनाची जी उलघाल सांगितली आहे ती या दृष्टीने वाचावी. 1831 मध्ये बेळगावात कासार कुटुंबात जन्मलेला हा मनुष्य मनाने ख्रिस्ती झाल्यावरही बराच काळ थांबला आणि अखेर 1854 च्या सप्टेंबरात त्याने बाप्तिस्मा घेतला. थांबण्याचे कारण शंका हे नव्हते, आईबाप आणि बायको हे होते. त्यानंतर त्यांनी लहानमोठी शंभरावर पुस्तके लिहिली. 1857 च्या 'यमुनापर्यटना'त हिंदू विधवांच्या हालांची कथा त्यांनी सांगितली, ती तोडल्या गेलेल्या माणसालाच सुचावी अशा कळवळ्याने.

गावखेड्यांतील महार आणि मांग कुटुंबांच्या बाबतीत विरोधाची हत्यारे वेगळी होती. अहमदनगर जिल्ह्यात मोठ्या संख्येने ख्रिस्ती झालेल्या या लोकांना मुळातच जातीबाहेर काढण्यासारखे काही नव्हते, म्हणून घाव पोटावर घातला जाई. गावकीची कामे करणाऱ्याला सुगीत मिळणारा धान्याचा वाटा म्हणजे बलुते. मेलेली गुरे ओढायला किंवा देवाच्या जत्रेत वाजवायला नव्या ख्रिस्ती माणसाने नकार दिला की बलुत्यावर गदा येई. ब्राह्मण धर्मांतरितांनी आत्मचरित्रे लिहिली, म्हणून त्यांचे दुःख वाचायला मिळते. खळ्यावरून रिकामी पाटी घेऊन परतलेल्या माणसाने काय सोसले हे बहुधा कोणी लिहून ठेवले नाही, आणि या विषयावरील प्रत्येक ग्रंथात ही पोकळी राहणार आहे. या समाजात बायबलातले वचन पोहोचवण्यासाठी नगरकडे कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी ख्रिस्ती कीर्तनाची प्रथा पाडली. पूर्वरंग, उत्तररंग, झांजा, अभंग हे सारे जसेच्या तसे, आणि आख्यान मात्र बायबलातील उधळ्या पुत्राचे किंवा चांगल्या शोमरोन्याचे. बाजारात उभे राहून पुस्तक वाचणाऱ्या प्रचारकावर माती उडे, आणि कीर्तन मात्र तोच जमाव बसून ऐके. हा फरक ज्यांनी पाहिला ते विरोधापासून काहीतरी शिकले असे म्हणता येईल.

पंडिता रमाबाईंच्या वाट्याला दोन्ही बाजूंचा विरोध आला. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा पुण्यातले जुने स्नेही दुखावले, आणि वाँटेजच्या ज्या भगिनींनी त्यांना आश्रय दिला त्यांच्याशी त्यांचा सिद्धांतांवरून पत्रांतून मोठा खटका उडाला, कारण चर्चचे अधिकारी सांगतात म्हणून एखादे मत मानायला त्या तयार नव्हत्या. 1889 च्या मार्चमध्ये मुंबईत त्यांचे विधवांसाठीचे शारदासदन सुरू झाले आणि पुढल्या वर्षी ते पुण्यास गेले. तेथील विधवा मुलींवर धर्माची सक्ती करणार नाही असे रमाबाईंचे वचन होते. परंतु त्या स्वतः दार उघडे ठेवून प्रार्थना करीत आणि काही मुली तेथे येऊन बसत. 1893 मध्ये यावरून 'केसरी'ने रान उठवले, पालकांनी मुली काढून नेल्या, आणि सुधारक रानडे व भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले. उघडे दार म्हणजे आमिष की केवळ आपले जगणे न लपवणे, या प्रश्नावर साक्ष देण्याच्या नीतीचा सारा भार आहे. रमाबाईंच्या बाजूने इतके म्हणावे लागेल की दार लावून घेतले असते तर ते वचन पाळल्यासारखे दिसले असते, पण त्यांचे जगणे खोटे झाले असते. केडगावच्या मुक्तीसदनात त्यांनी आयुष्याची अखेरची वर्षे बायबलाच्या सोप्या मराठी भाषांतरात घालवली. दुष्काळातून आलेल्या निरक्षर बायांना कळेल अशीच भाषा त्यांनी वापरली, आणि 1922 मध्ये त्या वारल्या तेव्हा ते काम जवळजवळ हातावेगळे झाले होते.

विरोधकच साक्षीदार झाल्याचे उदाहरण नीलकंठशास्त्री गोऱ्हे यांचे. बनारसेत राहणाऱ्या या चित्पावन पंडिताने 1844 मध्ये जॉन म्यूर याच्या 'मतपरीक्षा' या ख्रिस्ती ग्रंथाचे संस्कृतात खंडन केले, आणि मिशनऱ्यांना निरुत्तर करावे म्हणून त्यांच्याकडे जाता-जाता 1848 मध्ये स्वतःच जौनपूर येथे बाप्तिस्मा घेतला. त्यांनी पुढे षड्दर्शनांवर जे लिहिले ते ख्रिस्ती लेखन असले तरी शास्त्र्याचे लेखन आहे. पूर्वपक्ष मांडल्याशिवाय उत्तरपक्षाला हात घालायचा नाही, ही त्यांची रीत विल्सनच्या उपहासाहून कितीतरी मोलाची होय, आणि त्यामागे एके काळी स्वतः पूर्वपक्षात बसल्याची जाणीव आहे.

हीच जाणीव कवी नारायण वामन टिळकांच्या घरात वेगळ्या रूपाने दिसते. टिळकांनी 1895 च्या फेब्रुवारीत मुंबईस बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्यापासून दूर झाल्या आणि काही वर्षे लहान मुलाला घेऊन नातलगांत राहिल्या. टिळक पत्रे पाठवीत राहिले. पुढे त्या नवऱ्याकडे परतल्या, तरी त्यांनी धर्म सोडला नाही. त्याच घरात त्यांचे स्वयंपाकघर वेगळे, पाणी वेगळे, सोवळे वेगळे. टिळकांनी त्यावर जोर केला नाही. सोवळे गळून पडायला लागलेला काळ आणि त्या काळातले छोटे छोटे प्रसंग लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त सांगितले आहेत, आणि मराठी वाचकाला ते ठाऊक आहेत. 1900 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 1919 मध्ये टिळक गेले तेव्हा ख्रिस्तचरित्राचे त्यांचे 'ख्रिस्तायन' हे काव्य आरंभीच्या थोड्याच अध्यायांवर थांबले होते. ज्या बाईने कित्येक वर्षे त्यांच्या हातचे पाणी घेतले नव्हते, तिनेच म्हातारपणी बसून त्या काव्याचे उरलेले बहुतेक अध्याय ओवीत रचले.